चार किलोमीटर

औषधांच्या दुकानातल्या पावतीच्या पाठीवर
तेओफिलने रस्ता काढून दिला,
टोक न केलेल्या पेन्सिलने.
म्हणाला, यंदा गुडघा ऐकत नाही, तू जाऊन ये.
आणि हवा सातच भर, आठ नको,
पुलाआधी डांबर उखडलंय.

पहिली ओळ: लाकडाच्या वखारीपासून डावीकडे.
तिथे सकाळी सहालाच करवत सुरू असते,
ओल्या फरचा वास अंगाला चिकटतो
आणि मग दिवसभर आपण थोडे फळकूट होऊन फिरतो.
दुसरी: दगडी क्रूस, एक हात तुटलेला.
जो उरलाय त्याच्या दिशेने वळ.

कागदावरचं सगळं खरं होतं.
नवव्या किलोमीटरला कुत्रा होता, पांढऱ्या कानाचा,
आणि लिहिल्याप्रमाणे
तो फक्त कुंपणापर्यंतच धावला.
बाराव्याला चढ लागला.
कार्पेथियनचा पायथा म्हणतात याला,
म्हणणाऱ्यांनी तो मोटारीतून पाहिलेला असतो.
बीचच्या झाडांखाली रस्ता इतका काळोखा
की भर दुपारी दिवा लावावासा वाटतो.
शेवटचा गिअर टाकला, त्यापुढे गिअर नव्हता,
तरी मी दोनदा खटका दाबून पाहिला,
रिकाम्या डब्यात हात घालून पाहावं तसा.

वरून ओंडक्यांचा ट्रक आला.
ड्रायव्हरने खिडकीतून तीन बोटं दाखवली.
तीन वळणं उरली, की मागून तीन ट्रक येतायत,
कळलं नाही.
दोन्ही खरं निघालं.

खिंडीत वारा, आणि बसायला एक बुंधा.
पाव खाल्ला. घाम वाळून कपाळावर मीठ झालं.
मग उतार.
उताराविषयी काय सांगायचं,
सांगेपर्यंत संपतो.

पुलावर मीटर शून्यावर आणलं,
कारण पुढची ओळ होती:
पूल ते सफरचंद, चार किलोमीटर.
सफरचंदं लागली दोन पूर्णांक सातवर.
मला वाटलं, ही नसतील.
चार भरेपर्यंत पुढे गेले,
तिथे नुसतं जंगल आणि एका पक्ष्याची कुरकुर.
मागे फिरले.

जंगलाच्या मधोमध सफरचंदाची झाडं, ओळीत.
ओळीत, म्हणजे कुणीतरी लावलेली.
गवतात विहिरीचं कडं, आत पानांचा काला.
एक दगडी पायरी,
आणि पायरी चढून गेलं की घराच्या जागी
माझ्या कमरेपेक्षा जाड बीच.
कागदावर इथे एवढंच: थांब. घंटी वाजव.

रेसच्या सायकलला कोण घंटी लावतं?
मी तोंडानेच ट्रिंग म्हटलं.
आसपास चिटपाखरू नव्हतं, तरी लाज वाटली.
एक सफरचंद चावलं. आंबट, तुरट,
जिभेवर सुताराचा रंधा फिरावा तसं.
दोन जर्सीच्या मागच्या खिशात टाकली.

संध्याकाळी तो दुकानाबाहेरच्या बाकावर होता,
गुडघ्याला पट्टा, शेजारी काठी, काठीवर राग.
म्हटलं, सगळं बरोबर, एक आकडा चुकलाय.
दोन पूर्णांक सात आहेत, चार नाहीत.
त्याने सफरचंद बाहीला पुसलं. बराच वेळ पुसलं.
मीटर बरोबर असेल, म्हणाला.
आम्हाला काढलं तेव्हा मी सात वर्षांचा.
दोन तास दिले होते. गाय मधेच बसायची,
सैनिक तिला बुटाने उठवायचे.
आई पावलं मोजत होती, मोठ्याने,
रात्री परत यावं लागलं तर, म्हणून.
पुलावर चार हजार भरली.
मी शाळेत शिकलो होतो, हजार म्हणजे किलो.

त्याने घास घेतला. तोंड वाकडं केलं.
ह्या झाडाचं नव्हे, म्हणाला, विहिरीजवळचं गोड होतं.
मला विहिरीजवळ झाड दिसलं नव्हतं.
सांगितलं नाही.

मग विचारलं त्याने, डांबर अजून तसंच का?
तसंच, म्हटलं. दात खिळखिळे झाले.
आठ भरलीस ना?
आठ भरली होती.